पाकिटामागे चित्र काढून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. रक्ततपासणीच्या खिडकीसमोरच्या बाकावर आपण जवळजवळ तीन तास शेजारी बसलो होतो. तुम्ही मावशींना घेऊन आला होतात, मी बाबांना. बाबा इचलकरंजीचे, यंत्रमागावर तीस वर्षं जॉबर, म्हणजे माग जुळवणारे, दुरुस्त करणारे. तुम्ही पुण्यात प्रथिनांच्या रचनेवर पीएच.डी. करत होतात. एवढ्यावरून ओळख पटली तर हे पत्र तुमचंच.

त्या दिवशी बाबा आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. त्यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग असल्याचं कळून दीड वर्ष झालं होतं. इमॅटिनिब या गोळीच्या रोजच्या ४०० मिलिग्रॅमने पांढऱ्या पेशी ताळ्यावर आल्या, वाढलेली पानथरी उतरली आणि बाबांनी ठरवलं की आपण बरे झालो. गोळीने मळमळायचं, सकाळी डोळ्यांखाली सूज यायची. कुणाला न सांगता त्यांनी ती बंद केली. पाच आठवड्यांनी पीसीआरचा, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय ते मोजणाऱ्या तपासणीचा, आकडा चढला तेव्हा मला कळलं. मी खूप बोलले त्यांना. पण खरं सांगायचं तर दीड वर्षात आम्हाला जो तो ‘गोळी चुकवू नका’ एवढंच सांगत होता. का चुकवायची नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही आधी बाबांना त्यांचं काम विचारलंत. धागा तुटल्यावर माग थांबतो कसा? बाबा खुललेच. आडवा धागा जागेवर आहे की नाही हे चाचपणारा काटा असतो, धागा नसला की तो माग बंद पाडतो, असं त्यांनी हातवारे करून दाखवलं. मग तुम्ही रिपोर्टचं पाकीट मागितलंत आणि त्याच्या मागच्या बाजूला चित्र काढायला लागलात.

एबीएल नावाचं प्रथिन प्रत्येकाच्या पेशीत असतं, म्हणालात. पेशीला वाढीचा निरोप देतं आणि काम नसलं की स्वतःला मिटून घेतं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली की त्याचं मिटवून ठेवणारं टोक गळतं आणि तिथे बीसीआर या दुसऱ्या प्रथिनाचा तुकडा येऊन जोडला जातो. मग ते थांबतच नाही.

“काटा काढलेला माग,” बाबा म्हणाले.

रिपोर्टवरच्या ‘फिलाडेल्फिया’ या शब्दाची त्यांना धास्ती होती. तुम्ही सांगितलंत की १९६० साली त्या शहरात नोवेल आणि हंगरफोर्ड या शास्त्रज्ञांना रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं, म्हणून ते नाव. आणि १९७३ मध्ये जॅनेट राउली या शास्त्रज्ञ बाईंनी घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कापून जुळवले, तेव्हा अदलाबदल लक्षात आली. राउलीबाईंची ही गोष्ट बाबा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

मग गोळीचं चित्र. प्रथिनाच्या मधोमध एक खाच, तिथे एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू बसतो तेव्हा ते काम करतं. इमॅटिनिब त्याच खाचेत शिरतं, पण प्रथिन बंद अवस्थेत असताना, आणि त्याला तसंच अडवून धरतं. २००० साली जॉन कुरियन यांच्या प्रयोगशाळेने स्फटिकावर क्ष-किरण सोडून मिळवलेल्या रचनेत हे दिसलं. चालू असताना हे सगळे कायनेझ, म्हणजे एबीएलच्या जातीची प्रथिनं, एकसारखे दिसतात, बंद असताना मात्र ठेवण वेगळी होते. म्हणून शेकडो कायनेझमधून ही गोळी मोजक्यांनाच धरते.

“म्हंजे पाचर हाय की ही!”

“हो काका, पाचरच. पण टिकत नाही. साधारण अठरा तासांत रक्तातली निम्मी होते.”

बाबा गप्प झाले. पाचर निघाल्यावर माग काय करतो, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. तेवढ्यात माझ्याकडे वळून तुम्ही लंडनच्या २०१० सालच्या अभ्यासाबद्दल बोललात. ८७ रुग्ण, आणि दहातली एक गोळी चुकवणाऱ्यांचासुद्धा आजार तितका आटोक्यात आलेला नव्हता. दहातली एक म्हणजे महिन्याला तीनच, असा हिशोब बाबांनीच केला.

तुम्ही खोटा धीर दिला नाहीत, याचे मला वेगळे आभार मानायचे आहेत. म्युटेशनची, म्हणजे त्या प्रथिनात झालेल्या बदलाची, तपासणी कशासाठी, ते मी विचारलं. प्रथिनाच्या साखळीत ३१५ व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन आलं तर पाचर बसायची जागाच अडते, मग दासाटिनिब, निलोटिनिब ही नंतरची औषधंही चालत नाहीत, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. आणि त्या अडथळ्याच्या कडेने जाईल असा सरळ, सडपातळ तिहेरी बंध घालून पोनाटिनिब हे औषध मुद्दाम घडवलं गेलं, हेही. त्या रात्री मला झोप लागली. आपल्याला काय होऊ शकतं आणि त्यावर काय आहे, दोन्ही ठाऊक होतं.

तसं म्युटेशन निघालं नाही. आज त्याला पाच वर्षं झाली. रात्री जेवण झालं की बाबा मोठा पेलाभर पाणी घेऊन गोळी घेतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघ मारतात. एकही दिवस कोरा नाही. तपासणीत त्या जोडप्रथिनाचा, बीसीआर-एबीएलचा, आकडा तीन वर्षांपासून ०.१ टक्क्याच्या खाली आहे. तुमचं पाकीट फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे. आमच्या गल्लीत आणखी एकाला हाच आजार निघाला, तेव्हा बाबा ते पाकीट घेऊन त्यांच्या घरी जाऊन बसले.

मावशींची तब्येत कशी आहे? आणि आणखी एक. त्या दिवशी बाबांनी तुमचं काम विचारलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की दीड वर्ष झालं, तुमच्या प्रथिनाचा स्फटिकच बनत नाहीये. दर तिमाहीला रक्त द्यायला गेलो की बाबा त्या बाकाकडे बघून मला विचारतात, “त्या पोरीचा स्फटिक झाला असंल का गं?”

झाला असेल तर कळवा.

तुमची,
बाकावरची शेजारीण