बॅटरीची तार सोडवून ठेवणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, एवढं दोन भेटींतही कळलं. पण त्या संध्याकाळचं मनातल्या मनात ठेवून गप्प बसणं मला जमत नाहीये. तीन आठवडे झाले, तरी गाडीचं बॉनेट दिसलं की ते सगळं आठवतं आणि घसा दाटून येतो.

मला गाडीत वूफर, म्हणजे खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर, कशाला हवा होता ते आधी सांगते. बाकी सगळ्यांनी हसत हसत विचारलं होतं, तुम्ही विचारलंच नाहीत. माझ्या बाबांना कमी ऐकू येतं. वयाने कान जायला लागतात तेव्हा बहुतेक वेळा आधी वरचे सूर जातात. पक्ष्यांची किलबिल जाते, बासरीची वरची पट्टी जाते, बोलण्यातले 'स' आणि 'फ' जातात. खर्जातलं त्या मानाने बराच काळ टिकतं. घरात गाणं लावलं की बाबा नुसते बसून असतात, आमच्याकडे बघून मान हलवतात. एकदा ओळखीच्यांच्या गाडीत डिकीतला वूफर वाजत होता आणि बाबांनी मांडीवर ठेका धरला. कितीतरी वर्षांनी! मी त्याच दिवशी ठरवलं, आपल्या गाडीतही हे करायचं.

ज्यांच्याकडे पहिल्यांदा काम दिलं त्यांनी दोन तासांत वूफर आणि त्याला जोर देणारा ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, बसवून गाडी हातात दिली. दहा-पंधरा मिनिटं वाजलं की ॲम्पचा लाल दिवा लागायचा आणि सगळं बंद. रात्री प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंदावायचे. मी परत गेले. "वूफर लावल्यावर एवढं चालायचंच." दुसऱ्यांदा गेले, तर ॲम्पचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज तो किती वाढवतो ते, आणखी वाढवून दिला. तिसऱ्यांदा म्हणाले, कपॅसिटर घ्या, नाहीतर मोठी बॅटरी टाका. बॅटरीजवळ फ्यूज असतो ना, असं मी विचारलं, कारण तेवढं वाचून गेले होते. उत्तर आलं, "ॲम्पला आहे की फ्यूज. ताई, तुम्ही गाणी ऐका, बाकीचं आमच्यावर सोडा." मी सोडलं. तीन फेऱ्यांत एकदाही त्यांनी बॉनेट उघडलं नाही. काम चुकतं, माणसाच्या हातून चुकायचंच. पण समोरची बाई काळजीने विचारतेय आणि आपण हसून तिला वाटेला लावतोय, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही शटर ओढत होतात. मी घाईघाईने सगळं सांगितलं. तुम्ही वूफरकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी बॉनेट उघडायला सांगितलंत. बॅटरीपासून निघालेल्या लाल तारेवर बोट ठेवून टॉर्चच्या उजेडात तुम्ही तिच्या मागे मागे गेलात, जिथे ती पत्र्यातून आत गाडीत शिरते तिथपर्यंत. तिथे थांबलात. थोडा वेळ काहीच बोलला नाहीत. मग म्हणालात, "ताई, इकडे या. बोट लावून बघा, पण हळू."

भोकाची धार तशीच होती, उघडी. रबर नाही, काही नाही. गाडीच्या थरथरीने त्या धारेवर तार इतकी घासली होती की वरचं आवरण पातळ झालेलं बोटाला कळत होतं. आणि बॅटरीपासून तिथपर्यंत फ्यूज नव्हता. तार पत्र्याला लागली असती, तर बॅटरीतला सगळा जोर तिच्यातून वाहिला असता आणि मध्ये तोडणारं कोणी नव्हतं. ॲम्पवरचा फ्यूज मागे डिकीत. पुढे तार पेटली तरी त्याला पत्ता लागला नसता. ती तार गालिच्याखालून ज्या सीटजवळून जाते, तिथे बाबा बसतात.

नंतर तुम्ही जे केलंत त्यासाठीच हे पत्र आहे. पाना घेतलात, आधी बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडवलीत, मग ॲम्पची लाल तार काढलीत. तिच्या टोकाला टेप गुंडाळलीत, एकदा, मग पुन्हा एकदा. ती हलून कुठे लागू नये म्हणून बाजूला बांधून टाकलीत आणि बॅटरी परत जोडलीत. पाचेक मिनिटं गेली असतील. हात पुसता पुसता म्हणालात, "आज गाणी नकोत. आज गाडी नीट घरी जाऊ द्या. पुढचं काम कोणाकडे द्यायचं ते सावकाश ठरवा."

कोणाकडे! हा एक शब्द मी घरी जाईपर्यंत घोळवत होते. तेव्हा मी इतकी घाबरले होते की तुम्ही सांगितलं असतंत ते सगळं मी त्याच क्षणी मान्य केलं असतं. तुम्ही त्या भीतीला हातही लावला नाहीत. आधी मला सुखरूप केलंत आणि मग मोकळं सोडलंत.

मी अर्थातच दुसऱ्या दिवशी तुमच्याकडेच आले. जुनी तार खरवडून तुम्ही आतलं पांढरं दाखवलंत. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम, ज्यातून वीज तांब्याइतकी सहज वाहत नाही. तुम्ही सबंध तांब्याची टाकलीत, बॅटरीपासून १८ इंचांच्या आत फ्यूज बसवलात, भोकाला रबर लावलंत. अर्थिंगचा स्क्रू तर रंगावरच पिळलेला निघाला, म्हणजे पत्र्याशी धड जोड नव्हताच. गाणं चालू असताना मीटरवर बॅटरीपाशी १४.२ व्होल्ट आणि ॲम्पपाशी ११.६ दिसत होते. तुमच्या कामानंतर ॲम्पपाशी १३.८ झाले. वूफरच्या दोन कॉइल अशा जोडल्या होत्या की २ ओहमसाठी बनलेल्या ॲम्पवर १ ओहमचा भार पडत होता; ओहम जितके कमी, तितका ॲम्पवर ताण जास्त. तुम्ही त्या एकामागे एक जोडून तो ४ वर आणलात. वॅटचा आकडा कमी होईल, ॲम्प मात्र तापणार नाही, हेही आधी सांगितलंत. आणि गेन खाली आणलात. इतके दिवस मी जो फाटका धडधडाट ऐकत होते तो खर्ज नव्हताच, आवाजाच्या लाटेची टोकं कापली जात होती.

मी चिडून विचारलं, "त्यांनी असं कसं केलं?" तुम्ही म्हणालात, "रबर हाताशी नसेल, ताई. घाई असेल." मला एवढं मोठं मन करता येत नाही, दादा. पण त्या दिवसापासून गालिच्याखाली, भिंतीच्या आत, झाकणाच्या मागे, जिथे गिऱ्हाईक कधी डोकावणार नाही तिथे नीट काम करून ठेवणाऱ्या माणसांचा विचार सारखा मनात येतो. आपण रोज त्यांच्या भरवशावर गाडीत बसतो, दिवा लावतो, झोपतो. त्यांना कोणी पत्र लिहीत नाही.

मागच्या रविवारी बाबांना घेऊन लांब निघाले. आवाज फार नव्हता. बराच वेळ ते बाहेर बघत होते. मग त्यांनी तळहात सीटवर पालथा ठेवला, तसाच राहू दिला आणि थोड्या वेळाने माझ्याकडे वळून विचारलं, "पखवाज आहे ना हा?"

पखवाजच होता. मी गाडी बाजूला घेतली, कारण मला समोरचं दिसेना.

बाबांना तुम्हाला भेटायचंय. पुढच्या आठवड्यात घेऊन येते, शटर ओढायच्या आधी. त्यांच्याशी जरा मोठ्याने बोला, आणि समोर उभे राहून. ओठ दिसले की त्यांना कळतं.

तुमची,
लाल तारवाल्या गाडीची ताई