वाडीबंदरच्या काकांना, मुलुंडच्या ट्रेलरवालीकडून

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या ट्रेलरच्या विजेचा घोळ तुम्ही निस्तरलात आणि पैसे घेतले नाहीत, पेढ्यांचा निम्मा बॉक्स आमच्याच वॉचमनला देऊन टाकलात, आणि फोनवर आभार मानायला लागलं की "बरं बरं, ठेव आता" म्हणता. लिहिलेलं तरी तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. नाव घालू नकोस असं काकूंकरवी बजावलंत, तेही पाळते आहे. उघडं पत्र अशासाठी की आमच्यासारखे घर ओढत फिरणारे आता बरेच झालेत, आणि त्यातले निम्मे तरी मी केलेलीच चूक करत असणार.

२०२१ मध्ये राज्याने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा नवऱ्याच्या डोक्यात हा किडा शिरला. मग कुणाचा तरी वापरलेला ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला. बांधणी इथलीच, पण आराखडा अमेरिकन, आतला कन्व्हर्टरही तिकडचाच, १२० व्होल्टवर चालणारा. म्हणून त्याच्या आधी २३० चे १२० करणारा एक जड ट्रान्सफॉर्मर. मला एवढंच माहीत होतं की प्लग लावला की सगळं चालतं. मुंबईकराला इन्व्हर्टर दिसतो तो गावाला गेल्यावर, आणि कन्व्हर्टर म्हणजे त्याचाच कुणी चुलतभाऊ असेल, असं समजून मी गप्प होते.

दोन वर्षांत तीन बॅटऱ्या झाल्या, काका. दर वेळी दुकानदार म्हणायचा, "मॅडम, सेल गेलाय." मी पैसे मोजायचे. शेवटची वेळ भंडारदऱ्याची. तलावाच्या काठी, जागेच्या मालकाने प्लग दिलेला, फ्रिज घुरघुरत होता, आणि तिसऱ्या रात्री दिवे असे पिवळे पडले की मुलीने विचारलं, "आई, निरांजन लावलंयस का?"

घरी आल्यावर ट्रेलर सोसायटीच्या मागच्या भिंतीला लावला आणि तुमच्या दारात आले. तुम्ही वाडीबंदरच्या यार्डात आयुष्यभर रेल्वेच्या डब्यांचे दिवे-पंखे सांभाळलेत एवढंच ऐकून होते. तुम्ही हत्यारं उचलली नाहीत, चहा संपवला आणि विचारलंत, "दिवे मंद झाले तेव्हा फ्रिज चालू होता?"

"हो."

"मग वीज येत होती. दिवे कुठून जेवत होते?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःला तरी कुठे विचारला होता?

मग खाली येऊन तुम्ही आधी बोटातली अंगठी काढली, शर्टाच्या खिशात टाकली, खिशाचं बटण लावलंत. मला वाटलं ग्रीस लागेल म्हणून. तर म्हणालात, "पाना आणि अंगठी मिळून प्लस-मायनसला पूल झाला, तर सोनं वितळायच्या आधी बोट जातं." बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून माणूस बेफिकीर होतो, पण बॅटरीतून शेकड्याने अँपिअर निघू शकतात. पान्याच्या दांड्याला तुम्ही काळी टेप गुंडाळलेली होती, आणि सोडताना आधी मायनस सोडलात. माझ्या बांगड्यांकडे नुसतं पाहिलंत. मी त्या काढल्या.

बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडल्यावर मात्र तुम्ही चिडलात. पाली शिरू नयेत म्हणून जाळीत मी फडकं कोंबलं होतं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, त्याला बाहेर जायला वाट हवी, आणि मी ती वाट जुन्या गाऊनच्या तुकड्याने बंद केली होती! त्या एका गोष्टीवर तुमचा आवाज चढला. पालीचं काय करायचं, तर बारीक जाळी लाव, म्हणालात. लावली आहे.

मग व्होल्ट मोजायचा मीटर माझ्या हातात दिलात. "डीसीवर, म्हणजे बॅटरीच्या विजेवर ठेव. लाल प्लसवर, काळा मायनसवर. वाच." १२.३ व्होल्ट. "आता प्लग लाव." लावला. फ्रिज सुरू झाला, ट्रान्सफॉर्मर गुणगुणला. "वाच." पुन्हा १२.३.

"झालं निदान," म्हणालात, आणि माझ्या तोंडाकडे बघून तुम्हाला कळलं की माझं काहीच झालेलं नाही. तेव्हा तुम्ही मला रेल्वेचा डबा सांगितलात. तो मी इथे जसाच्या तसा लिहिते, कारण एवढं सोपं मला कुठल्याच माहितीपुस्तकात सापडलं नाही.

तुमच्या डब्यातले दिवे-पंखे ११० व्होल्ट डीसीवर. गाडी पळते तेव्हा चाकाच्या आसावरून पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर वीज देतो आणि बॅटऱ्याही भरतो. गाडी थांबली की डब्याखालच्या पेटीतल्या बॅटऱ्या. आणि यार्डात उभी असेल तर बाहेरून केबल, वातानुकूलित डब्याला ४१५ व्होल्टची. (आता इंजिनातूनच वीज घेणाऱ्या गाड्या आल्यात, त्यांच्याबद्दल तुमचं मत वेगळं आहे आणि ते मी पंचवीस मिनिटं ऐकलं.) डब्यातल्या माणसाला यातलं काही कळत नाही, त्याला पंखा फिरताना दिसतो. पण यार्डात केबल लावली आणि चार्जर बंद असला, तर बॅटरी गुपचूप रिकामी होत जाते आणि कल्याण सोडल्यावर लोक ओरडतात.

आमचा ट्रेलर तसाच. फ्रिज थेट प्लगवर. दिवे, पंखा, पाण्याचा पंप हे बारा व्होल्टवर. प्लगची वीज बारा व्होल्टची करून या सगळ्यांना द्यायची आणि वर बॅटरी भरायची, हे कन्व्हर्टरचं काम. इन्व्हर्टर याच्या उलट, बॅटरीतून २३० बनवतो. कन्व्हर्टर मुका झाला तरी फ्रिज चालूच राहणार आणि दिवेही लागणार, फक्त ते बॅटरी खात राहणार. म्हणून तर आम्हाला दोन वर्षं पत्ता लागला नाही. कन्व्हर्टर काम करत असेल, तर प्लग लावल्यावर बॅटरीच्या टोकांवरचा आकडा चढायला लागून थोड्या वेळात १३.६ च्या आसपास किंवा वर दिसलाच पाहिजे. आमच्याकडे आकडा जागचा हलला नव्हता.

कॅलेंडरच्या पाठीवर तुम्ही मांडलेला हिशेब मी जपून ठेवलाय. बॅटरी १०० अँपिअर-तासांची, म्हणजे एक अँपिअर शंभर तास पुरेल एवढी. पंखा २ अँपिअर, दहा तास: २०. दिवे सव्वा अँपिअर, चार तास: ५. पंप मिनिटांपुरता, धरा १. एका रात्रीचे २६. दोन रात्रींत ५२, म्हणजे निम्मी बॅटरी संपली, आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये. तिसऱ्या रात्री निरांजन.

मग कन्व्हर्टरच्या कडेचे दोन हिरवे फ्यूज, मोटारीत असतात तसे पात्याचे, ३० अँपिअरचे, ओढून काढलेत आणि उजेडात धरलेत. दोन्हींची आतली तार वितळलेली. हे फ्यूज एकाच गुन्ह्यासाठी ठेवलेले असतात म्हणालात: कुणी बॅटरी उलटी जोडली, तर हे जळतात आणि कन्व्हर्टर वाचतो. मला एकदम आठवलं. दुसरी बॅटरी बसवताना त्या माणसाच्या हातात 'चट्' झालं होतं. त्याने वायरी अदलाबदल केल्या, दिवे लागले, आणि तो बिल करून गेला.

त्याला मी शिव्या घालणार तेवढ्यात तुम्ही वायर उचलून दाखवलीत. एक काळी, एक पांढरी. आपल्याकडे बॅटरीला लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस, हे पोराटोरांनाही पाठ. अमेरिकन ट्रेलरमध्ये बारा व्होल्टला पांढरी वायर मायनस असते आणि काळी बहुधा प्लस. त्याने काळी बघितली आणि मायनसला लावली. "मी असतो तरी पहिल्यांदा तेच केलं असतं," म्हणालात. "फरक एवढाच की चट् झाल्यावर मी फ्यूज बघितले असते." काळ्या वायरीच्या टोकाला तुम्ही गुंडाळलेली लाल टेप अजून तशीच आहे.

नवे फ्यूज खालच्या स्पेअर पार्टवाल्याकडे मिळाले. तिसऱ्या बॅटरीला जो माणूस "संपली" म्हणाला होता, त्याच बॅटरीवर माझ्या हातातल्या मीटरचे आकडे चढायला लागले. १२.९. १३.२. चहा येईपर्यंत १३.७, आणि पुढे कधीतरी १४.४. मी एकेक आकडा मोठ्याने वाचत होते आणि तुम्ही भिंतीला टेकून तंबाखू मळत होतात. दुसरा मजला खिडकीत येऊन बघत होता, ट्रेलरवर आक्षेप घेणारे सेक्रेटरीसुद्धा.

बॅटरी पूर्ण बरी होणार नाही, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत. बराच काळ उपाशी राहिलेल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. "सादळलेला पापड परत भाजला म्हणून पहिल्यासारखा होत नाही." ती अजून चालते आहे, पण चौथी घेताना मोटारीची घेणार नाही, रोज रिकामं होणं सोसणारी जाड प्लेटांची घेईन. दुकानदाराने आधीच्या तिन्ही वेळा मोटारीचीच दिली होती, ते तुम्ही टोपण बघूनच ओळखलंत.

लोहार चाळीतला, मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारातला, तो शनिवार थोडक्यात लिहिते, कारण त्यात माझी अक्कल कमी आणि घाम जास्त होता. ओढणाऱ्या गाडीतून ट्रेलरच्या बॅटरीला येणारी वायर इतकी बारीक होती की गाडीचा अल्टरनेटर देतोय १४ व्होल्ट आणि मागे पोहोचतात १२.९. जाड वायर, तिच्या टोकांना बसवायची तांब्याची थिंबलं, आणि तुमची घासाघीस. वायरीपेक्षा तीच बघण्यासारखी होती.

गेल्या महिन्यात दिवेआगरला तीन रात्री राहिलो. प्लग मुद्दाम फक्त दुसऱ्या दुपारी घेतला. तिसऱ्या पहाटे, सगळे झोपलेले असताना, पंखा बंद करून थोडा वेळ थांबले आणि मीटर लावला. १२.४, म्हणजे बॅटरी अजून निम्म्याच्या वर. तुम्हाला फोटो पाठवला तेव्हा साडेपाच वाजले होते, आणि तुमचं उत्तर आलं, "पाणी बघितलंस का सेलमधलं?" बघितलं. दोन सेलना डिस्टिल्ड वॉटर घातलं, प्लेटा बुडतील एवढंच, गळ्यापर्यंत नाही.

तुमचा मीटर अजून माझ्याकडेच आहे. रविवारी सकाळी आणून देते, घरी असा. त्याच्या आतली नऊ व्होल्टची बॅटरी उतरली होती, काका. ती नवी घातली आहे.

आपली,
मागच्या भिंतीची ट्रेलरवाली