वेळासच्या कासवमित्र काकांना, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. पुण्याला परत येऊन तीन आठवडे झाले, रोज म्हणतोय आज लिहू आज लिहू, शेवटी आज बसलोच. तुमचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, तुम्हीच म्हणाला होतात नाव नको, कासवांचं लिहा. वेळासची माणसं वाचतील तर त्यांना बरोब्बर कळेल कोण ते.

आम्ही आलो ते सुट्टीला. हरिहरेश्वर करून बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी टाकली, वेसवीला उतरलो आणि बाणकोटवरून वेळास. बायको आणि लेकीला समुद्र हवा होता, मला ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या पिल्लांचे फोटो. नवीन लेन्स घेतलेली, त्यामुळे डोक्यात फक्त क्लोजअप होता, अगदी डोळ्यात समुद्र दिसेल असा.

पहिल्या संध्याकाळी तुम्ही टोपली उपडी केलीत आणि पिल्लं निघाली, सगळे दोरीच्या मागे, मी पण. फ्लॅश बंद केलाच होता, बोर्डच लावलाय तिथे. तरी तुम्ही माझ्याकडे आलात आणि हळूच म्हणालात, "दादा, फ्लॅश नाही पण तुमच्या कॅमेऱ्याचा तो पिवळा दिवा लागतोय बघा." फोकससाठी अंधारात आपोआप लागणारा तो छोटा दिवा, इतकी वर्षं कॅमेरा वापरतोय पण माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं!! पिल्लू जिकडे उजेड जास्त तिकडे वळतं, समुद्रावरचं आभाळ किनाऱ्यापेक्षा उजळ असतं म्हणून ते बरोबर पाण्याकडे जातं, आणि मध्ये आपण दिवा लावला की ते बिचारं आपल्याकडे फिरतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा एक पिल्लू खरंच माझ्या बाजूला वळलेलं होतं. मला फार वाईट वाटलं. तुम्ही ओरडला असतात तरी चाललं असतं, पण तुम्ही मेनूत तो दिवा बंद होईपर्यंत शांतपणे बाजूला उभे राहिलात.

आणि मग म्हणालात, पहाटे साडेचारला गस्तीला येताय का. यासाठी तर किती थँक्यू म्हणू कळत नाही.

त्या पहाटे सुरूच्या बनातून पुळणीवर उतरलो तेव्हा काहीच दिसत नव्हतं, तुमच्या टॉर्चला लाल कागद लावलेला तेवढाच उजेड. बरंच चाललो, आणि तुम्ही एकदम थांबलात. पाण्यातून वर आलेला आणि परत पाण्यात गेलेला माग, जणू कोणी छोटा ट्रॅक्टर फिरवलाय. मादी येऊन गेली होती. तुम्ही काठीने वाळू चाचपत गेलात आणि एका जागी काठी मऊ गेली, तिथे हाताने उकरलंत, हात खांद्यापर्यंत आत, आणि एक एक अंडं वर. पांढरं, टेबल टेनिसच्या बॉलएवढं, कवच चामड्यासारखं. एकशेबारा भरली. अंडं फिरवायचं नाही, हिसका द्यायचा नाही, आणि हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या जागेत, खड्डा तेवढाच खोल करायचा, कारण वाळू किती गरम त्यावर आत नर होणार की मादी ते ठरतं. नंतर जवळपास दीड दोन महिने वाट बघायची.

चालता चालता तुम्ही जुनं सांगितलंत, आधी ही अंडी लोक काढून न्यायचे, उरलेली कोल्ही कुत्री खायची, मग २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावाला बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आणि जानेवारी २०२२ मध्ये इथल्याच मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग, म्हणजे ती कुठे जाते ते कळवणारं यंत्र, लावून तिला सोडलं, तिचं नाव प्रथमा, हे सांगताना तुमचा आवाज असा झाला होता जशी काही घरची मुलगी सासरी गेलीये.

फोटोचं पण तुम्हीच शिकवलंत हं. सकाळी ऊन मागून, सुरूवरून येतं आणि पिल्लं पश्चिमेला जातात, म्हणून मागे उभं राहिलं तर नुसत्या पाठी मिळतात, बाजूच्या दोरीला पाण्याकडच्या टोकाला आडवं पडायचं, म्हणजे तोंडावर तिरका उजेड येतो. ऊन चढून वाळू तापायच्या आत सोडता त्यामुळे वेळ थोडाच, पण मिळाला फोटो. ओल्या वाळूत पिल्लू आणि समोर फेसाची पहिली रेघ. कोणीतरी म्हणालं उचलून पाण्यात सोडा ना, तर तुम्ही म्हणालात त्याला चालू द्या, याच वाळूवर परत यायचंय त्याला.

तरी मला सगळ्यात जास्त आवडतो तो पहाटेचा फोटो, अंधारामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची सेटिंग) फार वाढवलेला, दाणे दाणे दिसतायत, नुसता माग आणि बाजूला तुमची काठी. तो मोठा प्रिंट करून कुरिअरने पाठवलाय, सोबत हॅचरीत लावायला एक लॅमिनेट केलेला कागद आहे, फोकसचा दिवा कॅमेऱ्यात आणि मोबाइलमध्ये कसा बंद करायचा ते मोठ्या अक्षरात लिहिलंय.

काकूंना नमस्कार सांगा. लेक रोज विचारते आपल्या एकशेबारांचं काय झालं म्हणून, तर पहिलं पिल्लू वाळूतून वर आलं की एक मेसेज नक्की टाका, रात्री दोनला आला तरी चालेल.