सणाच्या धांदलीत मन थाऱ्यावर आणण्यासाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली की बेळगावच्या गणपत गल्लीत आणि खडे बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि घरोघरी फराळ, साफसफाई, पुण्या-बेंगळुरूहून येणाऱ्या मुलांची वाट, पाहुण्यांची देणीघेणी व खर्चाची जुळवाजुळव यांचे ओझे बहुधा एकाच व्यक्तीच्या डोक्यावर येते. छातीत धडधड होते, झोप उडते आणि क्षुल्लक शब्दावरून घरात भांडणे पेटतात.

अशा वेळी समोर काय दिसते, हाताला काय लागते, कानावर काय पडते याची सावकाश नोंद घेऊन भरकटलेले मन वर्तमानात टेकवण्याची पद्धत समुपदेशक शिकवतात. त्याच नोंदीला कृतज्ञतेची जोड द्यावी, असे मला कळकळीने सुचवावेसे वाटते. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००३ मधील अभ्यासात, दर आठवड्याला आभार मानण्याजोग्या काही गोष्टी लिहून काढणारे लोक कटकटींची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आढळले. तो अभ्यास सणांविषयी नव्हता. तरीही ही सवय सणात उपयोगी पडावी.

मात्र ‘देवाने सगळे दिले आहे’ असे मोघम म्हणून मन सावरत नाही, त्याला तपशील लागतो. चकल्या पाडताना हातातला सोऱ्या जावेने सकाळीच घासून ठेवला होता, शेजारच्या कन्नडभाषक काकूंनी आपल्याबरोबर आमचीही भाजणी दळून आणली, खानापूरच्या भरगच्च बसमध्ये एका कॉलेजच्या मुलाने उठून जागा दिली, अशी माणसे आणि वस्तू नेमकेपणाने आठवाव्यात, आणि शक्य असेल तिथे त्या माणसाला ते बोलूनही दाखवावे.

ही कृतज्ञता ज्याची त्याने स्वतःहून मानायची असते. दिवसभर ओट्याशी उभ्या असलेल्या सुनेला ‘एवढे चांगले घर मिळाले, समाधान मान’ असे ऐकवणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिच्या हातातले लाटणे कोणीतरी घेतले पाहिजे. वर्षभरात ज्या घरातले माणूस गेले, तिथे तर रडू येणेच स्वाभाविक आहे आणि ते येऊ द्यावे.

अस्वस्थता आटोक्याबाहेर गेल्यास केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या विनामूल्य सेवेशी १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते. आपल्या दैनिकाने दिवाळीच्या दिवसांत फराळाच्या पाककृतींशेजारी हा क्रमांक ठळकपणे छापावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, शहापूर, बेळगाव