कच्चं काम दाखवायची भीती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात वेळेचं नियोजन, कामाची शिस्त यावर अधूनमधून लेख येतात, मी ते आवर्जून वाचते. पण त्यातला सल्ला बहुतेक वेळा एकट्या माणसाला दिलेला असतो, लवकर उठा, यादी करा, मोबाईल लांब ठेवा, परफेक्शनचा हट्ट सोडा. मी बरीच वर्षं ऑफिसात काम करतेय, हाताखाली माणसंही आहेत, आणि मला मनापासून वाटतं की कामातली निम्मी चालढकल ऑफिसच तयार करतं. त्यावर फारसं कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

काम रखडलं की माणूस आळशी, असं म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात ज्यांचं काम रखडतं त्यातले कितीतरी जण दिवसभर मान वर न करता बसलेले असतात. रिपोर्ट उद्या द्यायचाय आणि हा माणूस पहिल्या पॅराग्राफमधली दोन वाक्यं फिरवत बसलाय, मग फॉन्ट बदल, मग टेबलच्या रेषा सरळ कर, मग अजून थोडी माहिती मिळाली तर बरं म्हणून परत शोधाशोध, आणि खरं अवघड जे आहे, म्हणजे शेवटी शिफारस काय करायची, त्याला अजून हातच लागलेला नाही. कारण तिथे चूक होऊ शकते आणि ती आपल्या नावावर लागणार. बाकीची खुडबुड करताना काम केल्यासारखंही वाटतं आणि त्या धास्तीपासून तेवढा वेळ सुटकाही मिळते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत, की चालढकलीचं मूळ घड्याळात कमी आणि त्या कामाने मनात जे वाटतं त्यात जास्त आहे.

आता परफेक्शनबद्दल. 2017 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून, सुमारे 10,000 लोकांच्या माहितीवरून एक विश्लेषण झालं. त्यात दिसलं की ज्यांना उत्तम काम करायची ओढ आहे ती माणसं उलट कमी चालढकल करतात, आणि ज्यांना चूक होईल, लोक काय म्हणतील याची सतत काळजी असते ती जास्त करतात. हा फरक फार महत्त्वाचा आहे हो! कारण चोख काम करणाऱ्याला आपण जेव्हा सांगतो की परफेक्शन सोड, तेव्हा त्याला ऐकू येतं की पाट्या टाक. तो दुखावतो, आणि सल्ला तिथेच संपतो. त्याचा दर्जाचा आग्रह राहू दे ना, धास्ती कमी करायचीय.

आणि ही धास्ती वाढतेय. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल या संशोधकांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या 40 हजारांहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 या काळातली माहिती तपासली, 2019 मध्ये ती छापून आली. लोकांना आपण परफेक्टच हवे आहोत, नाहीतर किंमत नाही, ही भावना त्या काळात साधारण 33 टक्क्यांनी वाढली होती. ती मुलं आता नोकऱ्या करतायत.

ती ऑफिसात आली की काय होतं बघा. साहेब एका वाक्यात काम देतात, 'जरा छान रिपोर्ट बनव.' कोण वाचणार, किती पानं, कशासाठी, काही नाही. मग दोन आठवडे कोणी विचारत नाही. शेवटच्या दिवशी भर मीटिंगमध्ये रिपोर्ट उघडला जातो आणि पहिलं बोट ठेवलं जातं ते स्पेलिंगच्या चुकीवर, आतल्या विचाराबद्दल अवाक्षर नाही. त्या मुलाने किंवा मुलीने यातून काय शिकायचं? की कोणी नाव ठेवू शकणार नाही असं होईपर्यंत काहीही दाखवायचं नाही. पुढच्या वेळी काम अजून जास्त दिवस दाबून ठेवलं जातं, अजून उशीर, अजून बोलणी. 'अडलं होतं तर विचारायचं ना' असं आपण म्हणतो, पण आधी एकदा विचारलं तेव्हा 'एवढंही कळत नाही का' हे उत्तर मिळालेलं असतं, ते माणूस विसरत नाही. संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात हॉस्पिटलच्या टीम्स बघितल्या तेव्हा चांगल्या टीम्समध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त सापडली, कारण तिथे चूक झाली तर ती बोलून दाखवायची भीती कमी होती. जिथे भीती होती तिथे चुका झाकल्या जात होत्या, रुग्णाच्या दृष्टीने हे किती भयंकर आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की काम देतानाच सांगावं, किती झालं म्हणजे पुरे. औषधाचा डोस, पुलाचं डिझाइन, पगाराचा हिशोब, कोर्टात जाणारा कागद, इथे शेवटच्या अक्षरापर्यंत तपासायलाच हवं, त्यात तडजोड नाही. मीटिंगचे मुद्दे किंवा ऑफिसातल्या ऑफिसात जाणारी मेल यांना दहा मिनिटं पुष्कळ झाली. धास्तावलेला माणूस दोन्हीला सारखाच जीव लावतो आणि मग महत्त्वाच्या कामाला जीवच उरत नाही. हर्बर्ट सायमन, ज्यांना 1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी मांडलं होतं की वेळ आणि माहिती मर्यादित असताना माणूस सर्वोत्तमाच्या मागे लागत नाही, पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो. पण पुरेसं म्हणजे किती हे आधी ठरलेलं असेल तरच थांबता येतं, आणि ऑफिसात ते ठरवायचा अधिकार बहुतेक वेळा वरच्याकडे असतो.

दुसरं म्हणजे कच्चा मसुदा मागून घ्यावा, तोही लवकर. आमच्या विभागात आम्ही हे करतो. ठरलेल्या मुदतीच्या पहिल्या एक तृतीयांशात कच्चं काम समोर ठेवायचं, रिकाम्या जागा चालतील, आकडे नंतर भरले तरी चालतील, आणि त्या दिवशी स्पेलिंगबद्दल कोणी बोलायचं नाही, फक्त दिशा बरोबर आहे का एवढंच. सुरुवातीला लोक बिचकले, तरी छान सजवूनच आणायचे, हळूहळू विश्वास बसला. मधल्या मुदतींचा उपयोग होतो हे संशोधनातही दिसलंय. डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रॉख यांच्या 2002 च्या प्रयोगात प्रूफ तपासायला दिलेले तीन मजकूर ज्यांना दर आठवड्याला एक असे द्यायचे होते त्यांनी जास्त चुका शोधल्या आणि उशीरही कमी केला, सगळे एकदम शेवटी द्यायची मुभा असलेले सर्वात मागे पडले.

यावर कोणी म्हणेल की अशाने दर्जा घसरेल. मला पटत नाही. जो शेवटच्या घटकेला काम देतो त्याचं काम दुसऱ्या कोणी बघायला वेळच राहत नाही, मग चूक तशीच बाहेर जाते.

अर्थात माणसाने स्वतःही काही करायचंच आहे. 'उद्या रिपोर्ट करेन' यापेक्षा 'कॉम्प्युटर सुरू केला की मेल उघडायच्या आधी शिफारशीची तीन वाक्यं लिहीन, वाकडीतिकडी का होईना' असं ठरवलं तर हात लवकर चालतो, अमुक झालं की तमुक करायचं असं आधी ठरवण्यावर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांचं बरंच काम आहे. आणि उशीर झालाच तर स्वतःला कोसत बसू नये. 2010 च्या एका अभ्यासात पहिल्या परीक्षेला अभ्यास पुढे ढकलल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. काहींच्या बाबतीत मागे नैराश्य किंवा एडीएचडी (लक्ष टिकवून ठेवायला अडचण येणारा विकार) असू शकतं, तिथे डॉक्टरांकडेच जायला हवं, टिप्सनी भागणार नाही.

संपादक महोदय, तुमच्या करिअर पुरवणीत काम करणाऱ्यांसाठी भरपूर छापून येतं. एखादा लेख काम देणाऱ्यांसाठीही छापा, काम कसं सांगावं, अर्धवट काम कसं बघावं, चूक कुणासमोर आणि कशी दाखवावी यावर. माझ्यासारख्या हाताखाली माणसं असलेल्या कितीतरी वाचकांना तो हवाच आहे.

आपली,
एक नियमित वाचक