नानांच्या पुस्तकांची पहिली पानं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नानांची पुस्तकं वाचनालयाला द्यायचं ठरवलंस, फार चांगलं केलंस. पण त्यांचं नाव असलेली पानं फाडून मगच देणार, असं लिहिलं आहेस. ते कृपा करून करू नकोस. घरचं नाव परक्या हातात जायला नको, हे वहिनींचं म्हणणं मला समजतं. तरीही थांब.

नानांची पद्धत आठव. कोऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईत सही, खाली तारीख आणि गाव. शिवाय आत कुठल्यातरी पानावर रबरी शिक्का, कारण पहिलं पान फाडून पुस्तक लांबवणारे त्यांनी पाहिले होते. त्या सह्या तारखेनुसार लावून बघ. बदल्या कुठे कुठे झाल्या, कोणत्या वयात इतिहास सुटून संतवाङ्मय हाती आलं, सगळं दिसेल. ही माहिती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाही रे.

जुन्या पोथ्यांचंही तसंच. शेवटी लेखकू, म्हणजे पोथी उतरवून काढणारा, आपलं नाव, शक, कोणासाठी लिहिली ते नोंदवायचा आणि बऱ्याचदा तो श्लोकही घालायचा: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जप, मूर्खाच्या हाती देऊ नको. नाव-शकाची ती शेवटची नोंद गेली की पोथीचा काळ ठरवताना अभ्यासक चाचपडतात.

परदेशातलंही एक उदाहरण सांगतो. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या विलिबाल्ड पिर्कहायमर या विद्वानासाठी त्याचा मित्र, चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १५००च्या सुमारास पुस्तकात चिकटवायची नाममुद्रा काढून दिली. लाकडी ठशाची छपाई, नवरा-बायको दोघांच्या घराण्यांची चिन्हं शेजारी शेजारी, आणि लॅटिनमध्ये मजकूर: स्वतःसाठी आणि मित्रांसाठी. मालकी सांगताना मित्रांनाही वाटा देणारा हा माणूस मला फार आवडतो. पुढे १६३६ मध्ये तो संग्रह इंग्लंडच्या अर्ल ऑफ अरुंडेलने विकत घेतला, नंतर तो विखुरला. आज त्यातलं पुस्तक कुठे सापडलं, तर या नाममुद्रेवरूनही ते कोणाचं हे कळतं.

नानाही कधी कोणाला पुस्तक नाही म्हणाले नाहीत.

तेव्हा असं करू. मध्ये खासगी पत्रं, पावत्या निघाल्या तर त्या काढून घे, सह्यांना हात लावू नको. सहीखाली छोटी चिठ्ठी लावू: नानांचं नाव, ‘यांच्या संग्रहातून वाचनालयास भेट’, आणि वर्ष. सेलोटेप अजिबात नको, तो पिवळा पडून कागदावर डाग ठेवतो. मैद्याची पातळ खळ, तीही फक्त वरच्या कडेला. चिठ्ठ्या तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. शनिवारी संध्याकाळी खळ करून घेऊन येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच