प्रॉडक्ट ओनरचा राजीनामा

प्रिय बंड्या,

तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही म्हणून चिडला असशील, तर चिडून घे एकदाचा. तब्येती सगळ्यांच्या ठीक. नानांचं बीपी आटोक्यात, माझी पाठ होती तशीच. आता मुद्द्याचं. आमच्या घरच्या प्रॉडक्ट ओनरने, म्हणजे कोणती कामं करायची आणि आधी कोणतं हे ठरवणाऱ्या माणसाने, राजीनामा दिलाय. हे वाक्य दुसऱ्या कुणाला लिहिलं तर लोक मला डॉक्टरचा नंबर पाठवतील, म्हणून तुला लिहितोय.

बोर्डाचं तुला माहीतच आहे, आपली ऑफिसातली सॉफ्टवेअर करायची स्क्रम पद्धत मी घरात आणली ते. फ्रिजच्या दारावर तीन रकाने, 'करायचंय', 'चालू' आणि 'झालं'. त्यांवर चिकटचिठ्ठ्या, आठवड्याचा स्प्रिंट, म्हणजे तेवढ्यात संपवायच्या कामांची फेरी, आणि सकाळी दप्तरं पाठीवर चढायच्या आत उभ्याउभ्या छोटी बैठक, म्हणजे स्टँडअप. तू खिदळला होतास, 'ऑफिसात मिळालं नाही ते स्क्रम मास्टरपद घरात लाटलंस' म्हणून. पण चाललं होतं रे ते! थोरलीने 'झालं' म्हणजे नक्की काय यावर वाद घातला. कपडे दोरीवर गेले की झालं, का घड्या होऊन कपाटात गेले की झालं? डेफिनिशन ऑफ डनपायी आपल्या टीमने महिने घालवले, तिने एका संध्याकाळी निकाल लावला: कपाटात. खुर्चीवरचा ढीग त्या दिवशी गेला तो गेलाच. नानांनी तर 'चालू'मध्ये माणशी दोनच कामं हा नियम इतका मनावर घेतला, की दाराची बेल वाजली तरी 'माझी दोन चालू आहेत' म्हणून जागचे हलले नाहीत. ताईइची ओहनोंनी टोयोटात चिठ्ठ्यांनी चालू काम मर्यादेत ठेवणारं कानबान आणलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे नाना नसावेत.

रविवारी रेट्रो, म्हणजे आठवड्याचा मागोवा. त्यासाठी ब्रूस फायलर या अमेरिकन लेखकाने २०१३च्या टेडच्या भाषणात सांगितलेले तीन प्रश्न: आठवड्यात घरात काय चांगलं चाललं, काय नाही, आणि पुढच्या आठवड्यात कशावर मेहनत घ्यायची. बक्षीस आणि शिक्षा मुलांनीच ठरवायची, हेही त्याचंच. धाकट्याने स्वतःसाठी काढलेली शिक्षा ऐकून मला त्याचं वकीलपत्र घ्यावंसं वाटलं.

तर गेल्या रविवारी दुसऱ्या प्रश्नाला तुझी वहिनी काही बोललीच नाही. उठली, बोर्डावरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर अक्षरांप्रमाणे लावल्या. नानांच्या अक्षरातली एक, 'चष्मा'. मुलांच्या दोनचार. माझ्या थोड्या, त्याही बहुतेक माझ्याच गाडीच्या. उरलेला गठ्ठा तिचा. म्हणाली, "करायला सगळे करतात, माझी तक्रार नाही. पण करायचंय हे दिसतं मला एकटीला. याचे बूट आवळायला लागले, नानांच्या गोळ्या संपत आल्या, शाळेचा फॉर्म शुक्रवारी द्यायचाय. तुम्ही चिठ्ठी उचलता, ती डोक्यात मी वागवते. हा स्प्रिंट मी रद्द करतेय. तो हक्क माझाच ना?"

तिचाच. स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे त्या पद्धतीच्या नियमपुस्तकात, चक्क लिहिलंय, स्प्रिंट रद्द करायचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरला. ते गाइड तिला वाचायला कुणी दिलं होतं, हे विचारू नकोस.

"आणि पुढच्यापासून मी ओनर नाही," म्हणाली. चिठ्ठ्यांना रबर लावून माझ्या हातात दिल्या आणि गेली आपली वाचत बसायला.

तेव्हापासून घरात मंत्रिमंडळाची खलबतं चालू आहेत. मुलं म्हणतात आळीपाळीने ओनर होऊ. नाना म्हणतात समिती नेमा. गाइड म्हणतं, प्रॉडक्ट ओनर एकच माणूस, समिती नाही. ते मी नानांना दाखवलं, तर म्हणाले, 'हे लिहिणाऱ्यांना सरकारी नोकरीचा अनुभव दिसत नाही.'

मी रीतसर हँडओव्हर मागितला. निदान यादी तरी दे म्हटलं. त्यावर म्हणाली, "यादी करायची तर मला परत सगळीकडे बघावं लागेल. तेच तर सोडलंय." आता बोल!

काल वही घेऊन घरभर हिंडलो, कपाटं उघडली, ड्रॉवर उपसले. संपलेलं दिसतं रे. संपत आलेलं दिसत नाही. बूट आवळतोय हे बूट बघून कसं कळणार? मुलगा पाय कसा टाकतो ते बघावं लागतं, आणि तो कालपर्यंत कसा टाकायचा ते आठवावं लागतं. याला पॉइंट, म्हणजे कामाच्या आकाराचे गुण, किती देशील? सगळ्यांनी पानं टाकून ते गुण ठरवायच्या तुझ्या प्लॅनिंग पोकरच्या गड्डीतलं प्रश्नचिन्हाचं पान याच्यासाठीच असणार. तासांत मोजलं असतं तर निदान काहीतरी आकडा आला असता, हे माझं मत अजून कायम आहे आणि पॉइंट का तास या आपल्या वादात तू चुकला होतास. (स्टँडअपचे तीन प्रश्न, काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय, २०२०च्या गाइडातून काढून टाकले, तेव्हा रात्री फोन करून मला जागं केलं होतंस. ते मी विसरलेलो नाही.)

आणि सॉफ्टवेअरवाल्यांच्या अजाइल जाहीरनाम्यातलं ते तुझं लाडकं वाक्य, प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांच्यातला संवाद, ते आत्ता तोंडावर फेकून मारू नकोस. फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेत युटाच्या स्नोबर्डला सतरा जण जमले आणि तो जाहीरनामा लिहून मोकळे झाले. त्या दिवसांत त्या सतरांच्या घरचा बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, कुणाच्या डोक्यात होता, हे कुणी विचारलं नसणार.

खरी काळजी वेगळीच आहे. ती रागावलेली नाही. भांडली असती तर मला सवय आहे, तुलाही आहे. ती मजेत आहे. वाचते, गुणगुणते, धाकटा 'माझं हे कुठंय' म्हणाला की 'बघ बुवा' म्हणते. कालच्या स्टँडअपला आली, "माझ्याकडे अडथळा काही नाही" म्हणाली आणि गेली. मला राहून राहून वाटतं, बोर्ड नसता तर हे बाहेर आलंच नसतं, म्हणजे पद्धत बरोबरच आहे. मग वाटतं, बोर्डाच्या आधी किती वर्षं हे असंच चाललं असेल, आणि तेव्हा ती कुणाला सांगत होती? तुला काही बोलली होती का कधी? त्या सहलीत तुम्ही दोघं मागे रेंगाळला होतात, तेव्हा? बोलली असेल तर सांग. नसेल तर तसं सांग, पण माझं मन राखायला काही सांगू नकोस.

तुझं काय? नवं घर लागलं का? गुडघ्याचं त्या डॉक्टरने काय सांगितलं? चिरंजीवांचं निकालाबद्दल अभिनंदन, काका फोन करतील म्हणावं.

आता काम. त्या बँकेच्या प्रोजेक्टवर ओनर मधेच सोडून गेला, तेव्हा बॅकलॉग तू घेतला होतास. कागदावर काही नव्हतं, सगळं त्याच्या डोक्यात होतं. पहिल्या आठवड्यात तू नक्की काय केलंस ते सविस्तर लिही. 'लोकांना विचारलं' एवढंच लिहू नकोस; इथे कुणालाही काहीही विचारलं तरी 'आईला विचारा' असंच उत्तर येतं. आणि तिला परस्पर फोन करू नकोस. तू तिच्या बाजूने बोलशील, नेहमी बोलतोस.

रविवारच्या आत कळव. पुढचं प्लॅनिंग आहे, आणि समितीच्या अध्यक्षपदावर नानांचा डोळा आहे.

तुझा,
तासवाला